पोपटीसोबत रेड वाईन? नाशिकच्या शिराझचं पेण-रोह्याच्या जेवणाशी कुठे जमतं आणि कुठे बिनसतं

डिसेंबर लागला की पेण, रोहा, अलिबाग भागातल्या लोकांच्या मोबाइलवर एकाच प्रकारचे व्हिडिओ फिरायला लागतात. कापणी झालेलं शेत, मध्ये पेटलेला जाळ, जाळात उलटं ठेवलेलं मडकं आणि भोवती शेकत बसलेली मंडळी. ही पोपटी. मुंबई-पुण्याहून खास तिच्यासाठी माणसं येतात आणि येताना कुणाच्या तरी पिशवीतून रेड वाईनची एक बाटली निघते. मग प्रश्न पडतो, की हिचं आणि पोपटीचं जमतं का?

इंटरनेटवर शोधलंत तर उत्तर मिळतं, पण ते आपल्या कामाचं नसतं. रेड वाईनसोबत स्टेक खा, भाजलेली मेंढी खा, मुरलेलं चीज खा. रोह्याच्या बाजारात यातलं काय मिळणार? मग लोक दोन टोकं गाठतात. एक तर "वाईन आपल्या जेवणासाठी नाहीच" म्हणून विषय बंद करतात, नाहीतर सुकट, सोलकढी, तिखट रस्सा असं जे समोर येईल त्याबरोबर ती पितात आणि तोंड वाकडं करतात. एका बऱ्या बाटलीच्या किमतीत अख्खी कोंबडी आणि वर वालाच्या शेंगा येतात. तेव्हा पैसे घालायचेच असतील तर कशासोबत घालायचे, हे आधी कळलेलं बरं.

या लेखात आपण एकच वाईन धरून चालू या, नाशिकची शिराझ. महाराष्ट्रात तयार होणाऱ्या लाल वायनींमध्ये ती सर्रास मिळते, आणि पोपटीच्या धुराशी तिचं एक नातं आहे. ते पुढे येईलच.

रायगडात का नाही, नाशिकलाच का?

पहिली शंका अशी येते, की वाईन नाशिकची आणि जेवण रायगडचं, मग यांना एकत्र बांधायचं कशाला? कारण सरळ आहे. रायगडात वाईनची द्राक्षं होत नाहीत. इथे पाऊस पडतो तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि हवेत दमटपणा बारा महिने. द्राक्षाच्या वेलीला हे दोन्ही सोसत नाही. पानांवर केवडा आणि भुरी हे बुरशीचे रोग येतात आणि बाग हातची जाते. सह्याद्री ओलांडून पलीकडे गेलं की चित्र पालटतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर, पाऊस कोकणाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा, आणि थंडीत रात्री चांगल्याच गार. म्हणून राज्यातल्याच काय, देशातल्या वाईनचाही मोठा वाटा नाशिक जिल्ह्यातून येतो. 'नाशिक व्हॅली वाईन' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

महाराष्ट्रात आधुनिक वाईनची सुरुवात मात्र पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावची. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी तिथे फ्रेंच पद्धतीची फसफसणारी वाईन करायला घेतली. नाशिकला पुढे राजीव सामंत यांनी सुला उभी केली आणि २००० साली तिची पहिली वाईन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं आणि मग दिंडोरी, निफाड, इगतपुरी, गंगापूर धरणाचा परिसर अशा ठिकाणी वायनरी उभ्या राहिल्या. तिकडे सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली आली.

इथल्या बागायतदाराचं काम युरोपातल्या बागायतदारापेक्षा अवघड आहे असं माझं मत आहे. युरोपात हिवाळ्यात वेल झोपते. पानं गळतात, वर्षातून एकदाच मुख्य छाटणी होते आणि साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये द्राक्षं उतरतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून तिला दोनदा छाटावं लागतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी खरड छाटणी, आणि पाऊस सरताना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. या दुसऱ्या छाटणीनंतर जी फळं धरतात ती जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात.

आता हे महिने पोपटीच्या महिन्यांशी ताडून पाहा. भात कापून झालं की खाचरात जो ओलावा उरतो त्यावर रायगडात वाल पेरतात. त्याच्या शेंगा डिसेंबर ते फेब्रुवारीत भरतात. म्हणजे इकडे मडकं जाळात असतं तेव्हा घाटापलीकडे शिराझचे घड उतरत असतात. पाऊस तोच, थंडी तीच, मध्ये फक्त सह्याद्री.

शिराझ म्हणजे नक्की काय?

नाव ऐकून इराणातलं शिराझ शहर आठवतं. हे द्राक्ष तिथूनच युरोपात गेलं, अशी एक दंतकथाही बरीच वर्षं सांगितली जायची. १९९८ मध्ये डीएनए तपासणीने ती निकालात काढली. या द्राक्षाचे दोन्ही 'पालक' आग्नेय फ्रान्समधले निघाले. दुरेझा नावाचं काळं द्राक्ष आणि मोंद्यूज ब्लांश नावाचं पांढरं. फ्रान्समध्ये त्याला सिराह म्हणतात, ऑस्ट्रेलियात शिराझ, आणि आपण ऑस्ट्रेलियातलं नाव उचललं.

हे आपलं खायचं द्राक्ष नव्हे. नाशिकचं थॉमसन सीडलेस लांबट, पातळ सालीचं, बिनबियांचं. शिराझचं द्राक्ष लहान, काळं, जाड सालीचं आणि बी असलेलं. गंमत अशी, की त्याचाही रस जवळजवळ रंगहीनच असतो. लाल रंग सालीतून येतो. म्हणून रेड वाईन करताना रस सालीसकट आणि बियांसकट आंबवतात. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल तयार करतं आणि त्याच वेळी सालीतून रंग आणि टॅनिन रसात उतरतात.

हे टॅनिनच सगळ्या भानगडीचं मूळ आहे. आणि इथे मराठी माणसाची एक सोय आहे. इंग्रजीत वाईनची चव सांगणारे लोक 'तोंड कोरडं पडतं', 'जीभ ओढली जाते' असं काहीतरी वर्णन करत बसतात. आपल्याकडे त्याला सरळ शब्द आहे, तुरट. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट या सहा रसांत तो आपण शाळेतच शिकलेलो असतो. कच्चं केळं, आवळा, सुपारी, जांभूळ खाल्ल्यावर तोंडात जे होतं तेच हे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला घासल्यासारखी वाटते.

तर नाशिकची शिराझ तोंडात कशी लागते? पिकलेल्या जांभळाची आणि करवंदाची आठवण होते. मागे काळी मिरी येते. ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली असेल, जशी सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ, तर लवंग आणि थोडा धूर. ही वर्णनं हवेतली नाहीत. शिराझमधल्या मिरीच्या वासाचं कारण रोटंडोन नावाचं रसायन आहे, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. तेच रसायन खऱ्या काळ्या मिरीतही असतं. लवंगेचा वास युजेनॉलचा. ते लवंगेत असतं आणि ओकच्या लाकडातही.

उन्हाचाही परिणाम असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकला ऊन चढतं, द्राक्षात साखर झपाट्याने भरते आणि आंबटपणा घटतो. साखर जास्त म्हणजे अल्कोहोल जास्त. त्यामुळे इथली शिराझ भरदार, फळांच्या पिकलेपणाकडे झुकणारी आणि साधारण तेरा-चौदा टक्के अल्कोहोलची असते. थंड प्रदेशातल्या शिराझमध्ये मिरी जास्त जाणवते, आपल्याकडच्या शिराझमध्ये जांभूळ.

सहा रसांच्या हिशोबाने पाहिलं तर या बाटलीत तुरट आहे, आंबट आहे, फळामुळे गोडाचा भास आहे, जरासा कडूपणा आहे. खारट आणि तिखट मात्र नाही. ते ताटातून येणार. मग खारट भेटल्यावर काय होतं आणि तिखट भेटल्यावर काय, एवढं कळलं की अर्धा प्रश्न सुटतो.

पोपटी: इथे जमतं, आणि का जमतं

ज्यांनी पोपटी खाल्लेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मातीच्या मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला अंथरतात. भांबुर्डा म्हणजे पावसाळा सरल्यावर बांधावर, पडीक जागी आपोआप उगवणारी उग्र वासाची वनस्पती. एरवी तिला कुणी विचारत नाही, पोपटीच्या दिवसांत मात्र शोधत फिरावं लागतं. पाल्यावर वालाच्या शेंगा, त्यात जाडं मीठ आणि ओवा. मग मसाला लावलेलं चिकन, काही जण ते केळीच्या पानात गुंडाळतात. अंडी, बटाटे, रताळी, कांदे. पुन्हा शेंगा आणि वर पाला दाबून तोंड बंद. मग मडकं उलटं करायचं, भोवती पेंढा, गोवऱ्या, लाकडं रचायची आणि पेटवायचं.

पाणी एक थेंब नाही, तेल नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावरच सगळं शिजतं. झालं की नाही ते मडक्यावर पाणी शिंपडून बघतात. चर्र आवाज आला आणि वास सुटला की झालं. गुजरातेत वलसाडकडे असाच एक प्रकार करतात, त्याला उंबाडियू म्हणतात. तोही मडक्यातला, पाल्यातला आणि उलटा.

आता या मडक्यातल्या एकेक गोष्टीकडे वाईनच्या बाजूने बघू.

आधी मीठ. लहानपणी आवळ्याला मीठ लावून खाल्लंय ना? जांभळावर मीठ भुरभुरवलंय ना? मीठ लागलं की तुरटपणा आणि कडूपणा दबतो आणि फळाची गोडी वर येते. शिराझचं तेच होतं. पोपटीच्या शेंगेला चिकटलेलं जाडं मीठ जिभेवर असताना घोट घेतला की वाईन एकदम मऊ लागते. पेण तालुका जुना मिठागरांचा मुलूख. तेव्हा मीठ हा इथल्या जेवणाचा कणा आहेच.

दुसरं, चिकन आणि अंडं. टॅनिनला धरायला प्रथिनं लागतात. तोंडात मांस असेल तर ते लाळेला सोडून मांसाच्या मागे लागतं. म्हणून पाश्चात्त्य लोक स्टेकचा एवढा आग्रह धरतात. त्यात जादू काही नाही, आणि ते काम गावठी कोंबडीची तंगडीही तितकंच चोख करते. ब्रॉयलर जरा मवाळ पडतो. उकडलेल्या अंड्याचं मात्र माझं मत वेगळं आहे. पिवळा बलक तोंडाला चिकटतो आणि त्यावर वाईन विचित्र लागते. अंडं आधी खाऊन घ्यावं आणि मगच ग्लास उचलावा.

तिसरी गोष्ट धूर, आणि मघाशी म्हटलेलं नातं ते हेच. लाकूड किंवा पेंढा जळतो तेव्हा त्यातल्या लिग्निनपासून ग्वायकॉल नावाचं रसायन तयार होतं. धुराचा जो ओळखीचा वास असतो त्यात याचा मोठा हात. वाईनसाठी ओकची पिंपं बनवताना ती आतून आगीवर भाजतात. त्या भाजण्यातूनही ग्वायकॉलच तयार होतं आणि ते वाईनमध्ये उतरतं. म्हणजे मडक्याचा धूर आणि पिंपात मुरलेल्या शिराझचा धूर हे एकाच घराण्यातले. म्हणून पोपटीसाठी बाटली निवडताना लेबलवर ओकचा उल्लेख असलेली मिळाली तर उत्तम.

चौथं, ओवा आणि भांबुर्डा. ओव्याचा वास थायमॉलचा. हेच रसायन थाइम या युरोपातल्या पाल्यात असतं आणि दक्षिण फ्रान्समध्ये, म्हणजे शिराझच्या माहेरी, मांस भाजताना थाइम सर्रास वापरतात. तिकडच्या लोकांनी थाइमसोबत सिराह प्यावी आणि आपण ओव्यासोबत शिराझ, यात परकं असं फारसं काही उरत नाही. भांबुर्ड्याचा वास मात्र दांडगा आहे. हलकी, नाजूक वाईन त्याच्यापुढे दिसणारही नाही. शिराझ टिकते.

अडचण एकाच ठिकाणी येते, ती वालाची. कोवळ्या शेंगा गोडसर असतात, त्यांचं काही नाही. पण शेंग जून झाली आणि दाणा कडवट निघाला की तो कडूपणा आणि टॅनिन एकमेकांना चढवतात. उपाय म्हणजे अलिबागचा पांढरा कांदा. मानांकन मिळालेला हा कांदा जातीचाच गोडसर, आणि मडक्यात भाजल्यावर तर साखरच. एक दाणा, कांद्याची एक पाकळी, मग घोट. करून बघा. रताळ्यानेही हेच काम होतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पोपटीला वाईनची गरज नाही. ती शतकानुशतकं नसली तरी पिढ्यान्‌पिढ्या वाईनशिवायच रंगत आलेली आहे, आणि कित्येक घरांत ती निव्वळ शाकाहारी असते. प्रश्न एवढाच होता, की बाटली असेलच तर जमेल का. जमतं.

जिताडा आणि सुकट: इथे हात आवरा

पेण-अलिबागचा खारेपाट म्हणजे जिताड्याचा देश. खाडीच्या बांधाआतल्या तळ्यांमध्ये वाढलेला हा मासा मांसल आणि चरबीदार असतो. इतका भारदस्त मासा आहे तर रेड वाईन चालेल, असं कुणालाही वाटेल. इथेच फसगत होते. घोट घेतल्यावर तोंडात एक धातूसारखी, शिळ्या मासळीसारखी चव रेंगाळते. लोक म्हणतात मासा ताजा नव्हता. बिचारा मासा ताजाच असतो.

याचं कारण जपानमधल्या एका वाईन कंपनीच्या संशोधकांनी २००९ मध्ये शोधलं. त्यांनी चाखणाऱ्यांना ३८ रेड आणि २६ व्हाइट वाइन दिल्या, सोबत स्कॅलॉप नावाच्या शिंपल्यांचं मांस. ज्या वायनींत लोहाचं प्रमाण जास्त होतं त्यांच्यासोबत उग्र मासळी-वास जाणवला. वाळवलेले स्कॅलॉप वाईनमध्ये भिजवून त्यांनी हे पुन्हा तपासलं. वाईनमधलं लोह माशाच्या तेलाशी भिडतं आणि वास सुटतो. रेड वाईनमध्ये लोह बहुधा जास्त असतं, म्हणून बदनाम ती होते.

आता वाळवलेल्या शिंपल्याच्या जागी आपली सुकट आणि सुके बोंबील ठेवून बघा. उन्हात वाळताना माशाच्या तेलाचं ऑक्सिडेशन झालेलंच असतं. म्हणजे सुकटीची चटणी आणि शिराझ ही जोडी या सगळ्यात वाईट. वर मिरची, वर आमसूल. ज्याला रेड वाईन आवडू नये अशी तुमची इच्छा असेल त्याला ही जोडी जरूर द्या.

जिताड्यासोबत काहीतरी हवंच असेल तर नाशिकचीच शेनिन ब्लांक किंवा सोव्हिन्यॉन ब्लांक, चांगली गार करून. तळलेल्या तुकडीवर लिंबू पिळतो ना, तेच काम ती करते.

सोलकढीचाही इथेच निकाल लावू. साधा नियम आहे, जेवण वाईनपेक्षा आंबट असेल तर वाईन बेचव लागते. आमसुलाच्या पुढे नाशिकच्या शिराझचा आंबटपणा टिकत नाही. सोलकढी शेवटी, भातावर, ग्लास बाजूला सारल्यावर.

मटण, बिरडं आणि पेणचा पापड

आगरी पद्धतीचं मटण आणि तांदळाची भाकरी किंवा वडे. मटण आहे म्हणजे रेड वाईन हवीच, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पण त्या पुस्तकातल्या मटणात आपला मसाला नसतो. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहींना चेतवतं. अल्कोहोलही त्याच ग्राहींना जास्त हळवं करतं. म्हणजे तिखट रश्श्यावर चौदा टक्क्यांची वाईन प्यायलात तर आग विझत नाही, वाढते. त्यात टॅनिनचा तुरटपणा अजून झोंबतो.

म्हणून रस्सा नको, सुकं मटण घ्या. खोबरं भाजून वाटलेलं, तेल सुटलेलं, तिखट बेताचं. खोबऱ्याची चरबी जिभेवर थर धरते आणि टॅनिनची धार बोथट होते. तांदळाची भाकरीही मदत करते, ती पुढच्या घासासाठी तोंड कोरं करून देते. तिखट झालंच असेल तर शिराझ राहू द्या आणि झिनफँडेलची रोझे गार करून घ्या. तिच्यात टॅनिन जवळजवळ नसतं आणि किंचित गोडसरपणा तिखटाला सांभाळून घेतो. अकलूजकडची सांजोव्हेज द्राक्षाची रेड वाईन मिळाली तर तीही बघा, तिच्यात आंबटपणा जास्त असल्याने तेलकट मटणावर ती मोकळी वाटते.

वालाचं बिरडं हा रोह्याकडचा जीव की प्राण. मोड आलेले, सोललेले वाल, नारळ आणि आमसूल. शाकाहारी माणसाने रेड वाईनसोबत काय खावं, या प्रश्नाला लोक पनीर म्हणून मोकळे होतात. बिरडं त्याहून चांगलं उत्तर आहे, फक्त आमसूल हलक्या हाताने आणि वाईन ओकमध्ये न मुरवलेली, साधी फळाळ. वालाची कडवट छटा लक्षात घेऊन आधी थोडंसंच ओता.

आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात कमी चर्चेतली जोडी म्हणजे पेणचा पापड. पेण गणपतीच्या मूर्तींसाठी जगभर माहीत आहे, पण तिथले पापड आणि पोहेही तितकेच नावाजलेले. काळी मिरी घातलेला उडदाचा पापड निखाऱ्यावर भाजा. खारट, कुरकुरीत, धुराचा वास आणि मिरी. शिराझमधल्या मिरीला पापडातली मिरी भेटते. चीजच्या महागड्या तुकड्यांऐवजी हे ठेवून बघा, पाहुणे आधी हसतील आणि मग दुसरा पापड मागतील. तळलेला पापडही चालतो, पण धुराची गंमत भाजलेल्यातच आहे.

'रूम टेंपरेचर' कुणाच्या रूमचं?

रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या थंड, दगडी घरांतून आलेला आहे. तिथे त्याचा अर्थ सोळा ते अठरा अंश. रोह्यात मे महिन्यात कपाटातल्या बाटलीचं तापमान तिशीच्या पुढे असतं. एवढ्या गरम वाईनमधून आधी अल्कोहोलचा भपका येतो आणि फळ कुठच्या कुठे जातं. रेड वाईन आवडत नाही म्हणणाऱ्या कितीतरी लोकांनी ती फक्त गरम प्यायलेली असते, असा माझा संशय आहे. अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा, बस. बर्फ मात्र घालू नका. थंडीच्या रात्री शेतात असाल तर तीही भानगड नाही, बाटली जाळापासून चार हात लांब ठेवली की झालं.

विकत घेताना दुकानदाराने बाटली उन्हाच्या काचेत मांडून ठेवली असेल तर ती सोडा, मागची मागा. उष्णता आणि ऊन वाईनला शिजवतात. बऱ्याच भारतीय बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं. त्याचा अर्थ माल हलका असा नाही, आणि शेतात बूच उघडायचं हत्यार विसरलं तर त्याचाच आधार.

दोन गोष्टी ज्या फॉरवर्डमध्ये नसतात

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा 'वाईन म्हणजे दारू का' यावर राज्यभर रण पेटलं. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि तो निर्णय अमलात आला नाही. द्राक्षबागायतदाराची बाजू त्यात खरी होती, पण शास्त्राच्या बाजूने उत्तर साधं आहे. वाईनमध्ये अल्कोहोल आहे आणि शरीराला तेवढंच कळतं. 'रोज एक ग्लास रेड वाईन हृदयाला चांगली' हा मेसेज अजूनही फिरतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं, की आरोग्यासाठी सुरक्षित असं अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण नाही. जे पीत नाहीत त्यांनी आरोग्याच्या नावाखाली सुरू करावं असं तिच्यात काही नाही.

दुसरी गोष्ट रस्त्याची. पोपटी रात्री लागते, आणि परतीचा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाचा. मोटार वाहन कायद्याप्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर तो गुन्हा आहे. एक-दोन ग्लासांतही माणूस या आकड्याजवळ पोहोचू शकतो. जो गाडी चालवणार त्याच्या हातात शेंगांचं ताट द्या, ग्लास नको. किंवा मुक्कामच करा.

मुक्काम केलात आणि बाटलीत वाईन उरली, तर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस चालते. त्यानंतर ती आंबट होत जाते. ती टाकू नका, सुकं मटण शिजवताना अर्धी वाटी घाला आणि झाकण न ठेवता चांगलं उकळू द्या. मग मात्र त्या मटणात आमसूल घालायचं नाही.